पेटीच्या भात्यापासून पियानोच्या पट्टीपर्यंत : आमची वाटचाल

बेळगावच्या शहापूर भागात वडिलांनी दुकान उघडले ते पेटीदुरुस्तीचे. भाते शिवणे, तुटलेल्या कमानी बदलणे, रीड घासून सूर लावणे हा रोजचा उद्योग होता, आणि खानापूरच्या भजनी मंडळांपासून निपाणी व चंदगडपर्यंतची गिऱ्हाइके पेट्या घेऊन येत असत. ज्या शहरात पंडित रामभाऊ विजापुरे यांनी पेटी वाजवली आणि पिढ्या घडवल्या, तेथील गिऱ्हाइकाचा कान सहजासहजी फसत नाही, हे वडील पुरते ओळखून होते. दुरुस्त झालेली पेटी गिऱ्हाइकाच्या हाती देण्यापूर्वी ते भाता एकदा भरून एकच पट्टी दाबून धरत आणि हवा संपेपर्यंत डोळे मिटून ऐकत असत. त्या एका सुरात रीडचा दोष, भात्याची गळती आणि लाकडाची थरथर ही तिन्ही त्यांना कळत.

ही सवय पुढे कीबोर्डच्या कामी येईल, असे त्यांना किंवा मला तेव्हा वाटले नव्हते. १९८३ साली मिडीची, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी एकमेकांशी बोलण्याची, पद्धत ठरली आणि त्याच वर्षी यामाहाचा डीएक्स-७ हा कीबोर्ड बाजारात आला. त्या बदलाची झळ आमच्या गल्लीपर्यंत पोहोचायला पुष्कळ वर्षे लागली. ऑर्केस्ट्रातील मुलांनी बिघडलेले कीबोर्ड आणून टाकले, तेव्हा ते उघडण्यावाचून गत्यंतर नव्हते. पहिली तक्रार मला अजून आठवते. वाजवणारा म्हणाला, "काका, ही एकच पट्टी बघा की ओ, हळू दाबली तरी ओरडते." उघडून पाहिल्यावर कारण सापडले. प्रत्येक पट्टीखाली रबराची एक टोपी असते आणि तिच्या आत कार्बनचे दोन ठिपके असतात. पट्टी दाबताना एक ठिपका सर्किटवर आधी टेकतो, दुसरा किंचित मागाहून, आणि या दोन टेकण्यांमध्ये किती वेळ गेला यावरून यंत्र पट्टीचा वेग ठरवते. मिडीच्या हिशेबात हा वेग १ ते १२७ असा मोजला जातो. पहिल्या ठिपक्यावर धूळ बसली की तो उशिरा टेकतो, दोन्हींमधले अंतर कमी भासते, आणि हळुवार स्पर्शालाही यंत्र जोरदार आघात समजते. सुरुवातीच्या काळात मी असा एक ठिपका पॉलिश पेपरने घासला आणि ती पट्टी कायमची मुकी झाली. तेव्हापासून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला मऊ कापूस आणि पूर्ण सुकेपर्यंतचा धीर, एवढ्यावरच आम्ही भागवतो. खानापूरकडच्या पावसाळ्यात दमटपणा इतका असतो की तेथील वाद्यांचे हे काम दिवाळीपूर्वी ठरलेलेच असते.

दुरुस्तीवरून आम्ही विक्रीकडे वळलो, आणि तेथे पहिला मोठा फटका बसला. एका शाळेला आठ कीबोर्ड द्यायचे होते. टोनची, म्हणजे निरनिराळ्या वाद्यांच्या आवाजांची, यादी लांब आणि किंमत बसणारी, एवढे पाहून मी एका कंपनीचा माल उचलला. पहिल्याच पावसाळ्यानंतर पाच वाद्ये परत आली. अडॅप्टरची खाच थेट मुख्य सर्किटवर डाख देऊन बसवलेली होती. मुलांच्या पायात वायर अडकून प्रत्येक हिसक्याचा ताण त्या डाखावर येई आणि तो तडकत असे. वरचे झाकण इतके पातळ होते की खालच्या सप्तकातील सूर वाजवताच प्लॅस्टिक करकरत असे. आम्ही पैसे परत केले आणि त्या वर्षीचा नफा त्यात गेला. पण याहून मोठी खंत ही होती की ज्या मुलांनी त्या पट्ट्यांवर बोटे ठेवायला सुरुवात केली होती, त्यांचे वर्ष वाया गेले.

त्यानंतर आम्ही कोणतेही नवे मॉडेल उघडून पाहिल्याशिवाय दुकानात ठेवायचे नाही, असे ठरवले. उद्यमबागेतील एका लेथवाल्या मित्राने पितळेची १० ग्रॅमपासूनची छोटी वजने करून दिली. ही वजने पट्टीच्या कडेवर एकेक करून ठेवायची आणि कितव्या वजनाला ती खाली जाते ते लिहून घ्यायचे. खऱ्या पियानोची मधली पट्टी साधारण ५० ग्रॅमला खाली जाते आणि खर्जाकडे ती थोडी जड होत जाते. कीबोर्डच्या स्प्रिंगवर चालणाऱ्या पट्टीत मात्र दाबत जावे तसतसा विरोध वाढतो, आणि पट्टी आतून आखूड असेल तर बिजागरीजवळ ती फारच कडक लागते. काळ्या पट्ट्यांसाठी बोटे आत सरकवावी लागतात तेव्हा हा दोष हाताला त्रास देतो. म्हणून आम्ही वजन कडेवर आणि आतल्या बाजूला असे दोन्ही ठिकाणी ठेवून पाहतो. अडॅप्टरचे टोक हीदेखील दुर्लक्ष न करण्याची गोष्ट आहे. कॅसिओच्या जुन्या ९ व्होल्टच्या कीबोर्डांना पिनेच्या आत ऋण टोक लागते, तर यामाहाच्या १२ व्होल्टच्या वाद्यांना आत धन टोक. या अदलाबदलीत जळालेली वाद्ये आमच्याकडे आजही येतात.

आवाजाची परीक्षा याहून कठीण आहे, आणि माझे मन तिच्यातच अधिक रमते. पियानोत हातोडी तारेवर आदळते आणि आघात वाढला की सूर मोठा होतोच, शिवाय उजळही होतो, कारण वरचे उपस्वर, म्हणजे मूळ सुरात मिसळलेले बारीक उंच सूर, अधिक जागे होतात. कीबोर्डमध्ये हे साधण्यासाठी एकाच सुराची हलक्या, मध्यम व जोरदार आघातांची वेगवेगळी ध्वनिमुद्रणे साठवावी लागतात. स्वस्त वाद्यात मुद्रण एकच असते आणि आघातानुसार केवळ त्याची पातळी वरखाली केली जाते. मग हळू वाजवलेला सूर दुसऱ्या खोलीतून आलेल्या मोठ्या आवाजासारखा लागतो. जागा वाचवण्यासाठी एका सुराचे मुद्रण शेजारच्या तीन-चार पट्ट्यांवर ताणले जाते. मध्य सप्तकापासून एकेक पट्टी सारख्याच जोराने वाजवत वर गेल्यास जेथे एक मुद्रण संपून दुसरे सुरू होते, तेथे रंग बदललेला कळतो. आमच्या दुकानात त्याला 'जोड' म्हणतात. कपड्याला लावलेल्या ठिगळासारखा तो एकदा लक्षात आला की पुन्हा ऐकू येतच राहतो.

सर्वांत शेवटी वडिलांची परीक्षा. खालच्या सप्तकातला एकच सूर दाबून धरायचा आणि तो विरेपर्यंत थांबायचे. खऱ्या तारेचा सूर विरताना हलतो, कारण पियानोच्या मधल्या व वरच्या भागात एका सुराला दोन-तीन तारा असतात आणि त्या एकमेकींशी तंतोतंत जुळलेल्या नसतात. खर्जाच्या एकट्या तारेतही उपस्वर वेगवेगळ्या गतीने मावळतात. कीबोर्डमध्ये मुद्रणाचा शेवटचा तुकडाच फिरवून फिरवून वाजवला जात असेल, तर काही सेकंदांनंतर सूर जागीच गोठतो आणि त्याचा आवाज पायपेटीसारखा सपाट होतो.

कॅम्पातील एका पियानो शिक्षिकेने विद्यार्थिनीला आमच्याकडे पाठवले होते. तिच्या आईवडिलांच्या मनात यामाहाचा पीएसआर-ई२७३ होता, कारण त्यात ४०१ टोन आहेत. सूर-ताल ओळखायला, घरी गुणगुणायला ते वाद्य उपयोगी आहे. पण त्याच्या पट्ट्यांना स्पर्शाचा जोर कळत नाही, हळू-जोरात दोन्ही सारखेच वाजते, आणि पियानोच्या परीक्षेतील तुकड्यांत तर हळू व जोरात यांचाच भेद मागितला जातो. त्याच कंपनीच्या पी-४५ मध्ये टोन अवघे १० असले तरी पियानोसारख्या ८८ वजनदार पट्ट्या आहेत. तो साडेअकरा किलोंचा आहे, महागही आहे. मी दोन्ही शेजारी ठेवले आणि मुलीला एकच ओळ दोन्हींवर वाजवायला सांगितले. तिने पी-४५ वर ती ओळ तीनदा वाजवली, तिसऱ्यांदा फार हळू. तिच्या वडिलांनी हप्ते बांधून घेतले.

भजनी मंडळांना हा सल्ला मी देत नाही. रात्रभर बसून वाजवणाऱ्याला हलके, बॅटरीवर चालणारे आणि काळी चार-काळी पाचमध्ये चटकन सूर बदलता येणारे वाद्य हवे असते. ऑर्केस्ट्राच्या मुलांना रोलँडचा एक्सपीएस-१० आवडतो तो पाठीवर टाकून नेता येतो म्हणून. त्यांना पियानोच्या विरत जाणाऱ्या सुराची गोष्ट सांगत बसणे योग्य नाही.

आता विक्रीच्या प्रत्येक मॉडेलसोबत आम्ही एक कार्ड ठेवतो. पट्टीचे वजन किती ग्रॅम, जोड कोणत्या पट्टीवर ऐकू येतो, खर्जाचा सूर कितव्या सेकंदाला गोठतो, एवढेच त्यावर हाताने लिहिलेले असते. गोकाक व बैलहोंगलकडील गिऱ्हाइके वाढल्यामुळे हीच कार्डे कन्नडमध्ये करण्याचे काम चालू आहे. श्रुती हा शब्द दोन्हीकडे चालतो, म्हणून तेथे अडचण आली नाही. 'जोड' या शब्दापाशी मात्र आमचा कन्नडभाषक कारागीर अजून अडला आहे, आणि तोपर्यंत तो गिऱ्हाइकाला वाद्यापाशी बसवून ती पट्टीच वाजवून दाखवतो.