स्क्रीनवरचं पीक

मातीतला नैसर्गिक किरणोत्सार मोजायचा, अशा एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी आमच्याच रानातली माती नेली. कराडजवळचं काळं रान, ऊस नुकताच तुटलेला. पाचट बाजूला सारून खुरप्यानं वीतभर खणत होते. अप्पा बांधावरून म्हणाले, "सोनं घावलं तर सांग."

लॅबमध्ये माती ओव्हनला वाळवली, कुटली, चाळली, डबीत भरून झाकण हवाबंद केलं आणि महिनाभर ठेवून दिली. अप्पांना हे काही केल्या पटेना. पण मातीतल्या रेडियम या किरणोत्सारी धातूपासून रेडॉन वायू होतो आणि तो निसटतो. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा विघटित व्हायला लागणारा वेळ, 3.8 दिवस. महिनाभर कोंडला की रेडियम आणि त्याची पुढची पिल्लावळ समतोलात येते. मग त्या पिल्लावळीतल्या बिस्मथ-214 च्या गॅमा किरणांवरून रेडियम काढायचं, म्हणजे नातवंडांवरून आजोबा ओळखायचे.

डबी शिशाच्या कवचात, किरण मोजणाऱ्या डिटेक्टरवर, रात्रभर. एकाच ऊर्जेचे किरण जास्त आले की स्क्रीनवरच्या आलेखात टोक उभं राहतं, त्याला इंग्रजीत 'पीक' म्हणतात. सकाळी फोन केला, "अप्पा, मोठ्ठं पीक आलंय!"

"कशाचं?"

"पोटॅशियम-40 चं. 1460 केईव्ही ऊर्जेला."

थोडा वेळ शांतता. मग, "म्हंजे रान नासलं का?"

नाही. पोटॅशियम म्हटलं की त्यात 0.0117 टक्के हा किरणोत्सारी भाऊ असतोच, पोटॅशच्या गोणीतही आणि आपल्या अंगातही. सत्तर किलोच्या माणसात साधारण 4000 बेक्रेल, म्हणजे सेकंदाला तितके अणू फुटतात. अप्पांना हे ऐकून माझाच संशय आला.

जगभरच्या मातीची सरासरी किलोमागे रेडियम 35, तसंच किरणोत्सारी असलेलं थोरियम 30, पोटॅशियम-40 चे 400 बेक्रेल. आमचे तिन्ही आकडे त्याखाली. बेसाल्टची माती, थोरियम कमीच असणार.

नंतर गाइडनी आयुष्यभराचा कॅन्सरचा धोका काढायला लावला. वर्षाचा किरणांचा डोस (सिव्हर्ट या एककात) गुणिले 70 वर्षं गुणिले 0.05, हा दर सिव्हर्टमागचा धोका. उत्तर दशांशचिन्हानंतर चार घरं. मला हा गुणाकार जरा फुकाचाच वाटतो. केरळात करुनागपल्लीच्या मोनाझाइट वाळूत थोरियम भरपूर. तिथल्या सुमारे 70,000 लोकांवर सरासरी दहा वर्षं नजर ठेवली, 2009 मध्ये निष्कर्ष आले, कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. काळजी करायचीच तर घरात कोंडणाऱ्या रेडॉनची करावी. त्यानं फुप्फुसाचा कॅन्सर होतो, विडी ओढणाऱ्याला जास्तच. हे मात्र मी अप्पांना मुद्दाम दोनदा सांगितलं.

विडीचा विषय त्यांनी टाळला. "माती परत आण," म्हणाले, "बांधाकडची हाय, चांगली हाय."