तुम्ही विचारलंत म्हणून: चार एकर गवत कशाला?

सोयाबीन सोडून उतारावरचे चार एकर गवताखाली का ठेवले, हे कारंज्याच्या बाजारापासून लग्नाच्या मांडवापर्यंत सगळ्यांनी विचारून झालं. आता तुम्हीही विचारलंत.

तणमोरासाठी, म्हणजे गवतात अंडी घालणाऱ्या त्या दुर्मिळ पाखरासाठी, नाही. पूर्वी मीच तसं सांगायचो, पण घरात ते कारण टिकत नाही. पाखरू दिसलं तर जुलै ते सप्टेंबर, तेही नशिबात असलं तर. बैलाला वैरण बारा महिने लागते.

धुऱ्यापलीकडचा, म्हणजे बांधापलीकडचा, दोन एकरांचा पट्टा वाटणीत भावाकडे गेला आणि त्यानं ट्रॅक्टर घातला. माती वीतभर, खाली मुरूम. पहिल्या वर्षी सोयाबीन बरं झालं. दुसऱ्या वर्षी पावसानं ताण दिला, शेंगा भरल्याच नाहीत. मग पडीत टाकलं. पडीत टाकलं की गवत परत येतं, असं लोक समजतात. पवन्या, शेडा ही बारमाही, ठोंबातून फुटणारी गवतं. फाळानं ठोंबच उपटून येतात. मोकळ्या जागेत तरोट्याचं तण आलं, मागून रानतुळस. तरोट्याचं बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं, म्हणून तो ओल असताना, फुलावर यायच्या आत, मुळासकट उपटावा लागतो, आणि दरवर्षी. शेंगा धरल्यावर कापला तर बी तिथंच सांडतं. पवन्याचे ठोंब जुलैत हातभर अंतरानं लावले तर लागतात, पण जम बसेपर्यंत गुरं आत येऊ द्यायची नाहीत. ही मजुरी कोण देणार? भाऊ म्हणतो, "तुले हौस, तू लाव." त्या विषयावर आम्ही आता बोलत नाही.

माझ्या बाजूला कुसळी गवत आहे तेवढं कुसळं धरायच्या आत कापतो, नाहीतर ती गुरांच्या तोंडात रुततात. बाकीचं सप्टेंबर संपल्यावर. त्यातला एक पट्टा बी झडेपर्यंत उभा, दरवर्षी वेगळा. उशिरा कापलेलं गवत निबर होतं, कस कमी भरतो. तरी थांबतो, कारण तणमोराची अंडी जमिनीवर असतात. म्हणजे त्याचं नाव शेवटी निघालंच. निघू द्या.

सातबाऱ्यावर 'गवत पड' लागलं की त्या तुकड्यावर ना पीककर्ज, ना विमा. सोलरवाले भाडं द्यायला तयार आहेत. पोरगा भावाच्या बाजूनं आहे, आणि हिशेबात तो चुकत नाही. सातबारा अजून माझ्या नावावर आहे, इतकंच.