हडपसर ते सासवड, देणगीसाठी पायी

आजची देणगीची चाल झाली. वीसहून जास्त किलोमीटर, वाट पालखीचीच. पण वारीत विसावे ठरलेले असतात. इथे सगळे हडपसरलाच धावत सुटतात आणि दिवे घाटात बसकण मारतात.

दम नव्हे, पाय दगा देतात. सुती मोजा घाम धरून ठेवतो, ओली कातडी घासते, फोड येतो. सिंथेटिक किंवा लोकरीचे मोजे घाला. चालून पाय सुजतात, म्हणून बूट अर्धा नंबर मोठा हवा, आणि कोरा करकरीत तर मुळीच नको (तरी दरवर्षी कुणीतरी घालतंच!). टाच चुरचुरली की तिथेच थांबून टेप लावा, ‘पुढच्या चहाला बघू’ म्हणू नका. नखं दोन दिवस आधी कापा.

नुसतं पाणी ढोसू नका. ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटर पाण्यातच घाला, कमी पाण्यात नाही. घाटात सावली तुटपुंजी, तेव्हा निघायचं पहाटे ५ ला.

देणगी रोख २,००० रुपयांच्या वर असेल तर देणाऱ्याला देणगीवरची आयकर सवलत (८०जी) मिळत नाही. यूपीआयच घ्या.