कॅम्पर, नोंद सहावी: बंपर, हीट गन आणि मैद्याची खळ

गेल्या वेळी मी तोऱ्यात लिहिलं होतं की पुढची नोंद बंपर काळा झाल्यावरच. झाला एकदाचा. पण मधला महिनाभर तो होता त्याहून पांढरा दिसत होता, आणि ती करामत सर्वस्वी माझी.

नव्यांसाठी एका ओळीत: २०११ ची बोलेरो कॅम्पर (मागे हौदा असलेला पिकअप), लाल, आधीचा मालक रंगकामाचा ठेकेदार. हौद्यात कंप्रेसर ठेवायचा आणि ग्रिलांना ऑइल पेंट मारताना गाडी शेजारीच उभी करायचा. त्यामुळे सगळ्या गाडीवर पांढरी रांगोळी.

बॉडीचं आधी उरकतो. बॉनेट, टप आणि डावी बाजू क्लेने (रंगावर चिकटलेलं उचलणारी मऊ मातीसारखी वडी) निघाली. शाम्पूचं पाणी सढळ हाताने आणि क्ले सारखी दुमडत राहायची, एवढंच पथ्य. पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बॉनेटवर हात फिरवला की पूर्वी पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागायचं, आता काचेसारखं लागतं. मी येता-जाता उगाच फिरवून बघतो. घरचे हसतात.

उजवं दार मात्र दगा देऊन गेलं. एक जाड ठिपका सुटेना म्हणून एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाच्या थिनरचा बोळा लावला, तर दहा सेकंदांत चिंधी लाल! आता लाल सॉलिड रंग आहे, वर क्लिअरचा पारदर्शक थर नाही, त्यामुळे पॉलिशच्या कंपाउंडला चिंधी लाल होणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण थिनरला रंग विरघळला म्हणजे ते दार कुणीतरी रस्त्याकडेला एनसीमध्ये टच केलेलं आहे. कंपनीचा भट्टीत भाजलेला रंग एवढ्या लवकर सुटत नाही, टूके पीयूसुद्धा (हार्डनर मिसळून मारायचा रंग) नाही. चाचणी आधी दाराच्या आतल्या कडेला करायची असते हे मी इथे इतरांना दोनदा सांगितलंय. असो. दार आता रंगवावंच लागणार.

आता बंपर. तो काळ्या प्लास्टिकचा, वर रंग नाही, उन्हाने राखाडी पडलेला.

त्यावरचे डाग एका जातीचे नव्हते, हेच मला आधी कळलं नाही. व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर काही ठिपके फसफसले: ती चुन्याची नाहीतर सिमेंटवाल्या पुट्टीची शिंतोडी. व्हिनेगर आणि जुना टूथब्रश, काम तमाम. काही आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मऊ पडले, ते इमल्शन. जुनं एटीएम कार्ड तिरकं धरून खरवडलं की साल निघते. उरले ते ऑइल पेंटचे, आणि खरं दुखणं तेच. हाताच्या पंजाएवढ्या जागेत मी ६३ मोजले. तीळ, मोहरी, कुठे राजगिरा. गुळगुळीत पत्र्यावर क्लेने जे सहज उचललं, ते बंपरच्या दाणेदार पोतात खोल जाऊन बसलं होतं.

टर्पेंटाइन ओल्या रंगावर चालतं, दहा वर्षं वाळलेल्यावर नाही. थिनरने ठिपका मऊ होतो, पण पुसायला जावं तर दाण्यांत दुधी लेप पसरतो. स्क्रबरने घासलं तर दाणेच झिजून चकचकीत होतात, आणि ती चकाकी परत जात नाही. डाव्या टोकाला माझ्या उतावळेपणाचा रुपयाएवढा पुरावा कायमचा आहे.

आणि मग हीट गन, म्हणजे कडक गरम हवा फेकणारं यंत्र. व्हिडिओंत कसं, गन फिरवली की राखाडी प्लास्टिक काळंभोर. मी विचार केला, आधी काळं तर करू, काळ्यावर ठिपके उठून दिसतील, मग एकेक काढू. (आता वाचताना मलाही हे पटत नाही.) बंपरचं प्लास्टिक म्हणजे पॉलिप्रॉपिलीन (पीपी), ते १६० अंशांच्या आसपास वितळतं, गनच्या तोंडाशी तापमान त्याच्या कितीतरी वर. बंपर काळा झाला खरा. पण ठिपक्याखालचं प्लास्टिक मऊ होऊन ठिपका त्यात अर्धा रुतला, आणि उष्णतेने ऑइल पेंट आणखी कडक झाला. म्हणजे मी डाग भाजून पक्के केले. वर तीन आठवड्यांत काळेपणा उतरला, ठिपके जसेच्या तसे. माझं मत असं झालंय की हीट गन हा मेकअप आहे. उन्हाने वरचा थर तुटून आत मिसळलेली टाल्कची (शंखजिऱ्याची) भुकटी उघडी पडते, म्हणून प्लास्टिक पांढरट दिसतं. गनने तो थर तात्पुरता वितळतो, ऊन पुन्हा आपलं काम चालू करतं. ज्यांची गन जमली त्यांनी रागावू नये.

तोडगा मिळाला तो खालच्या मजल्यावरच्या पेंटरकाकांकडून. ते जिन्यात उभे राहून माझे हाल बघत होते. म्हणाले, "अरे, ओल्या गिलाव्यावर ऑइल पेंट मारला की काय होतं?"

"पोपडे येतात?"

"त्याआधी चिकट होतो, साबणासारखा. चुना ऑइलला खातो. तुला तेच पाहिजे ना?"

मी त्याच रात्री डोक्याला हात लावला. ऑइल पेंट म्हणजे अल्किड, त्यात तेल. तेलावर अल्कली पडली की साबण होतो, हे आपण शाळेत शिकलो. आणि पॉलिप्रॉपिलीनला अल्कलीचं काहीच वाटत नाही, कॉस्टिक सोडा ही जहाल अल्कली, ती साठवायच्या टाक्याही त्याच्या करतात. इतके दिवस मी डाग विरघळवायला काय लागेल ते शोधत होतो. त्याला खाणारं, पण प्लास्टिकला न खाणारं काय, हा प्रश्नच मला पडला नव्हता.

बंपर उतरवला. मागे पीपी-टीडी२० असा छाप आहे, म्हणजे २० टक्के टाल्क घातलेलं पॉलिप्रॉपिलीन. (पीपी पाण्यावर तरंगतं, ही चाचणी इथे फसते. टाल्कमुळे हे बुडतं, एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकसारखंच. छाप वाचा.) पहिला प्रयोग धुण्याच्या सोड्याचा. गरम पाण्यात भिजवलेला जुना टॉवेल रात्रभर गुंडाळून ठेवला. सकाळी ठिपक्यांच्या कडा उचललेल्या, पण पोटं घट्ट. दिशा बरोबर, जोर कमी.

मग बोहरी आळीतून कॉस्टिक आणलं. दुकानदाराने "ड्रेनेज तुंबलंय का" विचारलं, मी हो म्हटलं, कोण समजावणार. द्रावण उभ्या भागावरून ओघळतं, म्हणून खळ केली: एक लिटर पाण्यात तीन चमचे मैदा शिजवून पूर्ण गार केला, आणि वेगळ्या थंड पाण्यात विरघळवलेलं २० ग्रॅम कॉस्टिक त्यात ढवळलं. कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही. भांडं स्टीलचं, ॲल्युमिनियमचं चालणार नाही, फेसाळून खाऊन टाकतं. रबरी हातमोजे आणि चष्मा नसेल तर हा उद्योग करू नका. आणि बॉडीच्या रंगाजवळ खळ नेऊ नका, म्हणून तर बंपर उतरवायचा. खळ लगेच पिवळसर, घट्ट झाली, कढीसारखी. ब्रशने थापली, वरून प्लास्टिक गुंडाळलं.

तीन तासांनी एक कोपरा उचलला. ठिपके सुरकुतले होते! नायलॉन ब्रशने दोन हात मारले, पाणी दुधाळ, खाली काळं प्लास्टिक, दाणे शाबूत. पंजाएवढ्या जागेतले ६३ पैकी एकही उरला नाही. मी काकांना हाक मारली, त्यांनी चहा संपवून सावकाश येऊन पाहिलं आणि "हं" एवढंच म्हणाले.

हीट गन मारलेल्या भागाला मात्र दोन वेळा खळ लावूनही आठ ठिपके रुतलेलेच आहेत. ते आता माझे. शेवटी भरपूर पाणी, मग पातळ व्हिनेगरचा हात, पुन्हा पाणी.

इथवर बंपर स्वच्छ पण राखाडी. मास्किंग टेप लावून तीन पट्ट्या केल्या. खोबरेल: पहिल्या दिवशी नव्यासारखं, दुसऱ्या दिवशी धुळीचा थर, वळवाच्या पहिल्या सरीत साफ. सिलिकॉनचं चकचकीत ड्रेसिंग: दोन धुण्यांत ओघळ. ट्रिमचं सिरॅमिक कोटिंग: आयपीएने पुसून सावलीत लावलं, दोन वळीव आणि चार धुणी झाली, अजून काळं, पाणी मोत्यासारखं घरंगळतं. छोटी बाटली महाग वाटते, पण अख्ख्या बंपरला अर्धीच लागली. गॅरेजवाले डिझेलचा बोळा फिरवून देतात ते घेऊ नका, रबरी बीडिंग फुगतं.

चाकांवरच्या कमानींना मात्र हेच करायचं नाही असं लिहिता लिहिता ठरतंय. त्या बाहेरून बसवलेल्या, छाप नाही. आतल्या कडेला थिनरचा बोळा टेकवला तर बोट चिकटलं, म्हणजे बहुधा एबीएस. त्यावर हीट गन नको, थिनर नको, कोटिंगची पट्टी आधी लावून बघेन. नाही धरली तर टूके मॅट काळा, उजवं दार रंगायला जाईल तेव्हाच. पीपीवर रंग धरायला खास प्रायमर लागतो, एबीएसला ती भानगड नाही.

आणि दुसरं. हौद्याचा फाळका लोखंडी आहे आणि तो तसाही खरवडून रंगवायचा आहे. लोखंडाला कॉस्टिक चालतं, मग ग्राइंडर कशाला? वरचा ऑइल पेंट पाच-सहा हात जाड आहे, खळ दोनतीनदा लावावी लागेल. बिजागऱ्यांचे ॲल्युमिनियमचे रिव्हेट आधी टेपने झाकायचे. कुणी मोठ्या पत्र्यावर हे केलं असेल तर खळ वाळू नये म्हणून काय करता ते सांगा. उन्हात प्लास्टिकखालीसुद्धा ती तासाभरात पापडासारखी होते.

फाळका रविवारी. मैदा संपलाय, आणि घरच्या डब्यातला पुन्हा घेतला तर माझी खैर नाही.