चौथी सभा

गुरुवार, 26 जून, रात्री साडेदहा

आज राजर्षी शाहू महाराजांची जयंती, म्हणून आमच्या भागातल्या शाळेत सामाजिक न्याय दिनाचा कार्यक्रम होता. आजचाच दिवस संयुक्त राष्ट्रांनी अमली पदार्थविरोधी दिन म्हणून ठरवलेला असल्यामुळे त्याच मांडवात, त्याच माइकवरून मुलांना शपथही देण्यात आली. सूत्रसंचालनासाठी मला बोलावले होते. शपथेत एक वाक्य असे होते की, मी स्वतः व्यसन करणार नाही आणि माझ्या घरातही कोणाला करू देणार नाही. या वाक्याच्या उत्तरार्धाला तिसऱ्या रांगेतल्या एका मुलाचा पुढे केलेला हात हळूच खाली आला. शिक्षकांच्या ते लक्षात आले नाही. मला मात्र त्या हाताचा अर्थ लगेच कळला, कारण त्या वयात घरातल्या कोणाला काहीही ‘करू न देण्याची’ ताकद माझ्यातही नव्हती.

शपथ एका मिनिटात संपली. घरी आल्यापासून माझ्या मनात एकच विचार घोळतो आहे. ज्या विषयाला आपण वर्षातून एक मिनिट देतो, त्याला एक अख्खे रेडिओ केंद्र दिले, तर त्यावरून दिवसभर काय ऐकू यावे? बावीस वर्षे मी नैमित्तिक निवेदिका म्हणून रेडिओवर बोलले आहे, त्यामुळे माझ्या डोक्यातला दिवस अजूनही आकाशवाणीसारखा सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशा तीन सभांमध्ये विभागलेला असतो. मी वही घेतली आणि तीन रकाने आखले. व्यसनाने ग्रासलेल्या घरालाही स्वतःचे एक घड्याळ असते, आणि त्या घड्याळाला धरून कार्यक्रम लावले नाहीत, तर हे केंद्र कितीही चांगल्या हेतूने चालवले तरी कोणी ऐकणार नाही, असे मला आखतानाच जाणवले.

केंद्राचे नाव मला फार शोधावे लागले नाही. मराठीत अंमल म्हणजे नशा आणि अंमल म्हणजे राज्यही. इंग्रजांचा अंमल म्हणतो, तसाच भांगेचा अंमल चढला असेही म्हणतो, आणि ‘अमली पदार्थ’ हा सरकारी शब्दही तिथूनच आला आहे. माझ्या थोरल्या भावावर, दादावर, गर्दचे म्हणजे ब्राउन शुगरचे राज्य होते तेव्हा आमच्या घरात कोणी कधी जेवायचे, कोणी केव्हा झोपायचे आणि कोणते भांडे कुठे लपवायचे, हे त्या राज्याच्या कायद्याने ठरत असे. म्हणून केंद्राचे नाव ‘अंमल’.

आवाका लहान असावा. 2006 च्या धोरणानुसार स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवता येतो. त्याचे शंभर वॉटचे प्रक्षेपण फार तर दहा-बारा किलोमीटरपर्यंत पोहोचते, आणि मला तेवढे पुरेसे वाटते. आवाज ऐकून एखाद्याला रात्री उठून चालत यावेसे वाटले, तर त्याला येता आले पाहिजे. तसे पाहिले तर मोठ्या रेडिओनेही हा विषय हाताळला आहे. 1990 च्या सुमारास आकाशवाणी आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून तंबाखू, दारू आणि अमली पदार्थ या विषयांवर तीस भागांची मालिका देशातल्या अनेक भाषांत सादर केली होती. मला हवे आहे ते मात्र मालिकेसारखे संपणारे नको. ज्याचे व्यसन रोजचे आहे, त्याचा रेडिओही रोजचा असायला हवा.

पहिली सभा सकाळी सहाला सुरू होईल. त्या घड्याळात सकाळ म्हणजे शरीराची वेळ, कारण रात्रीचा अंमल तेव्हा उतरलेला असतो आणि हात थरथरत असतात. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात डॉक्टर बोलतील, आणि तेही घाबरवण्यासाठी नव्हे, तर शरीरात काय चालले आहे हे समजावण्यासाठी. गर्द थांबल्यावर आठ-दहा तासांत नाक-डोळे वाहू लागतात, अंगावर काटा येतो, जांभया थांबत नाहीत, पाय आतून पिळवटतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा त्रास शिगेला पोहोचतो. या अवस्थेला व्यसनमुक्ती केंद्रात ‘टर्की’ म्हणतात. ती भयंकर असते, परंतु तिने सहसा जीव जात नाही. दारूचे उलट आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एका रात्रीत बंद केली, तर त्याला आकडी येऊ शकते, तो भ्रमिष्ट होऊ शकतो आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर दगावूही शकतो. देवापुढे शपथ घ्यायला लावून नवऱ्याला किंवा मुलाला खोलीत कोंडून ठेवणारी कितीतरी घरे मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या प्रेमाविषयी मला शंका नाही. ही एक गोष्ट मात्र त्यांना रोज सकाळी कोणीतरी शांत आवाजात सांगायला हवी, आणि तिच्या शेवटी 14446 हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक सावकाश दोनदा वाचायला हवा, म्हणजे पेन शोधणाऱ्यालाही तो लिहून घेता येईल.

त्यानंतर कायद्यासाठी दहा मिनिटे पुरतील. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात चौसष्ट-अ हे कलम आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक असते. स्वतःच्या सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातील पदार्थाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस स्वखुशीने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. हे आईला माहीत असते, तर दादाला दवाखान्यात न्यायला पोलिसांच्या भीतीने तिने दोन वर्षे घालवली नसती.

इतिहासाचा कार्यक्रम आठवड्यातून एकदाच ठेवीन, पण तो मनापासून करीन. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जहाजाने चीनला जात असे आणि त्या व्यापारात इंग्रजांबरोबर आपले व्यापारीही गब्बर झाले. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी त्याच व्यापारात मोठी संपत्ती मिळवली आणि त्यांच्या दानातून उभ्या राहिलेल्या रुग्णालयात आजही गरिबांवर उपचार होतात. या दोन्ही गोष्टी एकाच श्रोत्याने एकाच बैठकीत ऐकाव्यात, अशी माझी इच्छा आहे. सरकारने 1893 मध्ये नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने वर्षभर देशभर साक्षी घेतल्या आणि सरसकट बंदीविरुद्ध मत दिले, हेही सांगावे. तुकोबांनी तोंडात तंबाखूची नळी धरणाऱ्या आणि भांगेला साधना म्हणणाऱ्या ढोंगी साधूंवर ओढलेला आसूडही आठवावा. नशा परक्यांनी आणली, असे म्हणत हात झटकण्याची आपल्याला सवय लागली आहे. ती या कार्यक्रमाने थोडी तरी सुटावी.

दुपारची सभा बायकांची. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट चालतो. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 1986 मध्ये हे केंद्र सुरू केले, तेव्हापासून व्यसन हा सगळ्या कुटुंबाचा आजार आहे ही समजूत तिथल्या कामात मुरलेली आहे. माझ्या वहिनीला आधी कोणी विचारले असेल तर इतकेच, की तू त्याला सांभाळले कसे नाहीस. तुझी झोप होते का, हे विचारणारे पहिले माणूस तिला अशाच एका गटात भेटले. दुपारी दोन ते तीन हा तास अशा बोलण्याला द्यायचा, आणि त्यात फक्त नवऱ्यांच्या दारूविषयी बोलून थांबायचे नाही. माझी आजी जुन्नरकडची. ती लोखंडी तव्यावर तंबाखू काळीभोर होईपर्यंत भाजून तिची मिशरी करीत असे, आणि ती दातांना लावल्याशिवाय सकाळी तिचे पोट साफ होत नसे. शेतावर निघताना ती मिशरीची डबी कमरेला खोचून घ्यायची. तिला कोणी व्यसनी म्हटले नाही, कोणी शपथ दिली नाही आणि कोणी उपचारही सुचवले नाहीत. महाराष्ट्राने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली त्या दिवशी मला आजीची डबी आठवली होती. बायकांची नशा दात घासण्यात लपून गेली, म्हणून ती मोजलीच गेली नाही. या विषयावर मिशरी लावणाऱ्या बायकांनीच बोलावे, आणि निवेदिकेने मध्ये तोंड घालू नये.

संध्याकाळी सात वाजता मात्र मी व्यसन हा शब्दही उच्चारू देणार नाही. ती मुलांची वेळ आहे. ज्याने ती वेळ अनुभवली आहे त्याला जिन्यावरच्या चपलांच्या आवाजावरून माणूस आज कोणत्या अवस्थेत येतो आहे ते कळते. दार उघडण्याआधीच मूल दप्तर उचलून आतल्या खोलीत गेलेले असते. तिथे त्याला प्रबोधन नको असते, सोबत हवी असते. म्हणून सात ते आठ फक्त गोष्टी वाचायच्या, त्याही अशा लांब, की उद्या पुढे काय होणार याची ओढ राहील. देशातल्या व्यसनांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या 2019 च्या अहवालात एक नोंद आहे, जी वाचून मी बराच वेळ बसून राहिले होते. हुंगून करायच्या नशेचे प्रमाण मोठ्यांमध्ये 0.58 टक्के, आणि लहान मुलांमध्ये 1.17 टक्के. अहवालातला हा एकच प्रकार असा, की ज्यात मुले मोठ्यांच्या पुढे आहेत. व्हाइटनर आणि पंक्चरचे सोल्यूशन स्वस्त असते, हे त्याचे एक कारण. सातची गोष्ट स्टेशनबाहेरच्या त्या मुलांपर्यंत पोहोचणार कशी, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. त्यांच्याकडे रेडिओ नाही. पण चहाच्या टपरीवर असतो, आणि टपरीवाल्यांना जाऊन भेटणे केंद्राच्या पहिल्या महिन्याच्या कामात लिहून ठेवले आहे.

जेवणानंतर ही वही दादासमोर ठेवली. तो आता बासष्ट वर्षांचा आहे. 18 जानेवारी 1982 ला गिरणीसंप सुरू झाला, आप्पांचा पगार बंद झाला, आणि पुढच्या वर्षी आमच्या चाळीच्या जिन्याखाली दादा पहिल्यांदा गर्द ओढू लागला. एका खाजगी ‘केंद्रात’ त्याला साखळीने बांधून ठेवले होते. तिथून तो पळून आला. नीट उपचार मिळूनही तो दोनदा घसरला, आणि तिसऱ्या खेपेला, 1991 मध्ये, जे सुटले ते आजतागायत सुटलेले आहे. त्याने चष्मा लावून सगळी वही वाचली.

“पहिल्या दिवशी किती बरं वाटलं, हे कोण सांगणार?” त्याने विचारले.

मी म्हणाले, “ते रेडिओवर कसं सांगायचं, दादा?”

“मग कोणी ऐकणार नाही. अगं, पोरांना त्यांचे मित्र सांगतात की लई भारी वाटतं. तुम्ही सांगता की मरशील. पोरगा एकदा ओढून बघतो, मरत नाही, भारी वाटतं. मग तुमचं बाकीचं सगळं खोटंच वाटतं त्याला.”

त्याचे म्हणणे मला मान्य करावे लागले. सुखाविषयी बोलू द्यायचे, आणि ते सुख पुढे कसे आटत गेले, शेवटी नुसते दुखू नये म्हणून कसे ओढावे लागले, इथपर्यंत बोलू द्यायचे. कशी ओढायची, कुठे मिळते आणि केवढ्याला मिळते, या तीन गोष्टी मात्र माइकवर येऊ द्यायच्या नाहीत, असे आम्ही दोघांनी ठरवले. मग त्याने श्रुतिकांच्या पानावर बोट ठेवले आणि आणखी एक नियम सांगितला, जो बावीस वर्षे ध्वनिपरिणाम वापरूनही मला सुचला नव्हता. नाटकात काडी पेटल्याचा आवाज वापरायचा नाही. ग्लासात बर्फ पडल्याचा नाही, बाटलीचे बूच उघडल्याचा नाही. “चौतीस वर्षं झाली,” तो म्हणाला, “पण काडी ओढल्याचा आवाज आला की अजून माझ्या तोंडाला पाणी सुटतं.” देवघरात निरांजन लावताना वहिनी लायटर का वापरते, ते मला आज कळले.

रात्रीचे अडीच

झोप लागली नाही म्हणून पुन्हा वही उघडली. आकाशवाणीची तिसरी सभा रात्री अकरानंतर संपते. आमचे केंद्रही तेव्हाच बंद करायचे, असे मी धरून चालले होते. उठताना दादाने विचारले होते, “आणि अडीच वाजता काय लावणार?” तेव्हा मी त्याकडे लक्ष दिले नाही.

त्याच्या टर्कीची तिसरी रात्र त्याने मला एकदाच सांगितली आहे. वॉर्डमध्ये सगळे झोपले होते आणि याचे पाय खाटेवर आपोआप झटके देत होते. तेव्हा आधी बरा होऊन गेलेला आणि आता तिथेच रात्रपाळी करणारा एक माणूस त्याच्या पायथ्याशी येऊन बसला. त्याने ना उपदेश केला, ना धीर दिला. तो पाय दाबत राहिला, आणि कांद्याचे रोप कसे टाकायचे, वाफ्याला पाणी किती द्यायचे, रोप किती दिवसांचे झाले की उपटून लावायचे, पात पडली की काढणी कधी करायची, हे पहाटेपर्यंत सांगत राहिला. दादाने आयुष्यात शेत पाहिले नव्हते. पण कांदा लावण्यापासून काढण्यापर्यंत चार-साडेचार महिने जातात, हे ऐकून त्याला पहिल्यांदा वाटले की, आपल्यालाही चार महिने काढता येतील.

म्हणून चौथा रकाना आखला. चौथी सभा, रात्री अकरा ते पहाटे पाच. काहीही ध्वनिमुद्रित नाही, सगळे थेट. ज्यांचे सुटले आहे ते आपापल्या कामाविषयी सावकाश बोलतील. कोणी रिक्षाचे इंजिन खोलण्याविषयी, कोणी चकलीच्या भाजणीविषयी, कोणी वीटभट्टीविषयी. मध्ये फोन आला तर बोलणे थांबवून तो घ्यायचा. ज्याला सांगायचे नसेल त्याने नाव सांगू नये, फक्त आज कितवा दिवस ते सांगावे.

बाजूच्या खोलीतला दिवा लागला. दादा पाणी प्यायला उठला होता. मी दारातून वही दाखवली आणि पहिल्या रात्रीचे नाव त्याचे लिहू का, असे विचारले. त्याने तांब्या खाली ठेवला आणि थोडा विचार केला.

“लिही,” तो म्हणाला. “पण मला कांद्यातलं काही येत नाही. मी लेथ मशीनवर बोलेन. आधी जॉब चकमध्ये कसा बांधायचा, तिथून सुरू करतो. सावकाश बोललो तर पहाटेपर्यंत पुरेल.”