नानांची मागची खोली

नानांना जाऊन वर्ष होत आलं. हृदयाचं दुखणं होतं, सुरतला नेलं, तिथून ते परत आले नाहीत. त्याबद्दल जास्त लिहिणार नाही. शोकसभेत जो तो "नाना लई दिलदार माणूस" म्हणत होता, आणि ते होतेच. पण दिलदार म्हटलं की हात सैल असलेला पैसेवाला डोळ्यांपुढे येतो. नानांकडे पैसा बेताचा होता. त्यांच्या देण्याची रीत वेगळी होती, आणि ती त्यांच्या खेळातून आली होती असं मला वाटतं. तो खेळ आपल्या भागात फारसा कुणाला माहीत नाही, म्हणून आधी त्याचं सांगते.

अ‍ॅडव्हेंचर रेसिंगमध्ये टीमने डोंगर तुडवायचे, सायकल मारायची, वल्हवायचं, दोरावरून उतरायचं, आणि हे सगळं नकाशा नि होकायंत्राच्या भरवशावर. जीपीएस बंद. चेकपॉइंट ठरलेले असतात, मधली वाट आपली आपण काढायची. मोठ्या शर्यतीत घड्याळ रात्रीही चालूच असतं. झोपायचं कधी, हे टीमने ठरवायचं. 1989 मध्ये जेरार फ्युझिल या फ्रेंच पत्रकाराने न्यूझीलंडमध्ये अशी शर्यत भरवली, तिथून या खेळाने आजचं रूप धरलं. परदेशात बहुतेक चौघांची टीम असते, स्त्री-पुरुष मिळून. पुण्याच्या एन्ड्युरो3 या शर्यतीत तिघांची. टीमची वेळ धरतात ती शेवटचा गडी पोचल्यावर. त्यामुळे एकट्याने पुढे पळून काही हाती लागत नाही. ज्याच्या अंगात जोर आहे त्याने दमलेल्याची सॅक घ्यायची, सायकलवर असाल तर दोरी लावून ओढायचं. त्याला टो म्हणतात, आणि टो घेण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

नाना यात आले चाळिशी उलटल्यावर. भाचा पुण्याला शिकायला होता, त्याच्या टीमसोबत सपोर्ट क्रू म्हणून गेले, म्हणजे गाडीतून पुढच्या टप्प्यावर सायकली पोचवायच्या, खायला घालायचं. शहाद्याहून जाताना कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि केळ्यांची फणी घेऊन गेले. पुढच्या खेपेला स्वतःच उतरले.

शहाद्यात त्यांचं ठिबकच्या सामानाचं दुकान. पुढे लॅटरल पाइपची बंडलं, ड्रिपर, फिल्टर. मागच्या खोलीत सायकली, दोरावर उतरताना कमरेला बांधायचे पट्टे म्हणजे हार्नेस, हेल्मेट, हेडलॅम्प, हवेची होडी, वल्ही. हे सगळं कुणीही न्यावं. एका खुंटीला चोपडी टांगलेली असायची. मी पहिल्यांदा सायकल घ्यायला गेले तेव्हा माझं नाव लिहितील म्हणून ती उघडून बघितली. तिच्यात एकही नाव नव्हतं. "लाल सायकल. मागचे ब्रेक पॅड बदलले." "काळं हेल्मेट. पट्टा सैल, शिवून घेणे." "निळी होडी. डाव्या बाजूला ठिगळ, पाण्यात बघितली, ठीक." पानोपान असंच, दुकानाच्या हिशेबाच्या त्याच तिरक्या अक्षरात. कोण घेऊन गेलं याची नोंद नाही, वस्तूला काय झालं याची आहे. मी विचारलं तर म्हणाले, "माणूस ध्यानात ऱ्हातो माय. ब्रेक नही ऱ्हात."

धडगावकडच्या तीन पोरापोरींची टीम त्यांनी पुण्याला नेली होती, त्याची गोष्ट सांगायलाच हवी. ही पावरा मुलं सातपुड्याची चढण अशी चढायची की आमची छाती भरून यायची बघून. गिअरची सायकल मात्र त्यांनी हातात धरली नव्हती. नानांनी महिनाभर दर रविवारी त्यांना बोलावलं, प्रकाशा–सारंगखेड्याच्या रस्त्यावर सायकल आणि सारंगखेडा बॅरेजच्या मागच्या पाण्यात होडी शिकवली. टोपोशीट, म्हणजे डोंगर-नाले दाखवणारा सर्वेचा नकाशा, पसरून बसायचे: दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या एका समोच्च रेषेपासून दुसरीपर्यंत वीस मीटर चढ. रेषा दाटल्या की कडा. टीममधली पोरगी हे एकदाच ऐकून नकाशावरच्या एका नाल्यावर बोट ठेवून म्हणाली, इथे उन्हाळ्यातही पाणी असतं. नकाशात ते लिहिलेलं नव्हतं. नानांनी तिथल्या तिथे पेन्सिलीने निळी खूण केली.

फी भरायची वेळ आली तेव्हा मुलं अवघडली. नाना म्हणाले, फुकट नाही, दुकानाची जाहिरात करायची आहे, टी-शर्टावर नाव छापलंय. पुण्याच्या डोंगरात शहाद्याच्या ठिबकचं गिऱ्हाईक कुठून मिळणार! पण त्या टी-शर्टामुळे ती मुलं कुणाच्या उपकारावर नव्हे, दुकानाची टीम म्हणून उभी राहिली. जेवताना, नाव नोंदवताना, इंग्रजी बोलणाऱ्या टीमांच्या घोळक्यात, ताठ. दुकानदारांच्या मीटिंगला नाना कधी गेले नाहीत, पण त्या मुलांसाठी त्यांनी स्वतःला जाहिरातवाला म्हणवून घेतलं.

आमच्या टीममध्ये नाना, मी आणि त्यांचा भाचा. एका शर्यतीत, रात्री, एका खडकाळ उतारावर आमच्या पुढची टीम थांबलेली दिसली. एकाच्या टायरची बाजूची भिंत बोटभर फाटली होती आणि नवी ट्यूब घातली की त्या फटीतून फुगा बाहेर यायचा. आमच्या आणि त्यांच्यात जेमतेम काही मिनिटांचं अंतर होतं. नाना सायकलवरून उतरले ते थेट खालीच बसले. सॅकच्या तळातून दुधाची रिकामी, धुतलेली पिशवी काढली (ती त्यांच्याकडे कायम असायची), चारपदरी घडी केली, टायरच्या आत फटीवर बसवली, ट्यूबमध्ये आधी थोडीच हवा भरून घडी जागेवर आहे का ते अंगठ्याने चाचपलं, मग बाकीची भरली. त्या मुलाचा हेडलॅम्प मंद झाला होता, त्याला स्वतःचे जादा सेल दिले. सगळं झाल्यावर त्यांना म्हणाले, "जा, आधी तुम्ही निघा." ती टीम आमच्या आधी पोचली. भाचा थोडा चिडला होता. नाना म्हणाले, "त्यास्ले थांबवून आपण पुढे गेलो आसतो, तर ते पुढे जाणं का?" एवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

हे सगळं शोकसभेतही कुणी ना कुणी सांगितलं. जे कुणी सांगितलं नाही ते असं, की नानांना घेता येत होतं. देणारी माणसं मी खूप पाहिलीत, आमच्या खानदेशात तर पाहुण्याला ताटावरून उठू देत नाहीत. पण देणाऱ्याच्या हातावर कुणी काही ठेवायला गेलं की तो हात मागे घेतो. नाना मागे घेत नव्हते.

शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत तोरणमाळला आम्ही सरावाला सायकलने जायचो. चैत्रात सागाची पानं गळून पडलेली, त्यांच्याखाली दगड दिसत नाहीत आणि ऊन सकाळी नऊलाच डोक्यात जातं. सातपायरी घाटाच्या वळणांवर एकदा नानांचा दम तुटला. आता कळतं, दुखणं तेव्हाच सुरू झालं असावं. मी त्यांची सॅक मागितली. ते थांबले, पट्टे मोकळे केले आणि दिली. "असू दे", "होईल", काही नाही. मग माझ्या सायकलच्या सीटखाली टो बांधला, त्यांनीच बनवलेला, जुन्या ट्यूबची पट्टी आणि सहा मिलिमीटरची दोरी, दुसरं टोक आपल्या हँडलला लावलं आणि म्हणाले, "तू चाल पुढे, मी शे ना मांगे." हेच वाक्य आजवर ते मला धीर द्यायला म्हणायचे. त्या दिवशी मी त्यांना ओढत होते तरी शब्द तेच होते, आणि घाटमाथा येईपर्यंत माझ्या पायांत जे बळ होतं ते मला पूर्वी कुठल्या शर्यतीत मिळालं नव्हतं.

फिजीतली 2019 ची इको-चॅलेंज शर्यत आम्ही 2020 च्या ऑगस्टमध्ये, लॉकडाऊनच्या दिवसांत, दुकानात मोबाइलवर पाहिली. 671 किलोमीटर, 30 देशांतल्या 66 टीम. डेहराडूनच्या ताशी आणि नुंगशी मलिक या एव्हरेस्ट चढलेल्या जुळ्या बहिणी त्यात होत्या. मी त्यांच्यासाठी बघत होते. नानांची नजर मात्र मार्क मेसीवर. 1995 ची पहिली इको-चॅलेंज खेळलेला हा माणूस, आता अल्झायमर झालेला, मुलगा ट्रॅव्हिसच्या टीममधून उतरला होता. मुलगा त्याला सॅक चढवून देतो, कुठे जायचं ते सांगतो. माझे डोळे भरले, तर नाना म्हणाले, "पोरगं बापाला नेतंय हे सगळ्यांना दिसतं. बाप स्वतःला नेऊ देतोय, ते देख."

नानींनी खोलीची किल्ली मला दिली आहे. गेल्या महिन्यात सगळं सामान बाहेर काढून तपासलं. जुना चढाईचा दोर दिसायला चांगला होता, पण दोर वापरला नाही तरी म्हातारा होतो हे नानांनीच शिकवलं होतं, म्हणून तो कापून सामान बांधायला ठेवला. दोन हार्नेस बाद केले. सायकली चालू आहेत, निळ्या होडीला आणखी एक ठिगळ लागलं, लाइफ जॅकेट पुरेशी आहेत. धडगावची ती नाल्यावर बोट ठेवणारी मुलगी आता नकाशा शिकवायला येणार आहे.

दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा उलगली की बॅरेजच्या पाण्यात सराव सुरू करू. पोहता येत नसेल तरी या, पण जॅकेटशिवाय होडीत कुणाला बसू देणार नाही. सायकल न्यायची असेल तर न्या. परत आणताना चेन पुसा, तेलाचे दोन थेंब सोडा आणि काय बिघडलं ते चोपडीत लिहा. नाव लिहू नका.