उत्तर देताना कोट किती करायचं आणि कसं मांडायचं

लेखी चर्चेत आपण समोरच्याचा मजकूर कोट करतो तो दोन गोष्टी कळाव्यात म्हणून. उत्तर नेमकं कशाला आहे ही एक, आणि डोळ्यासमोरची ओळ कुणाची आहे ही दुसरी. पहिली चुकली तर वाचणाऱ्याला वर जाऊन शोधावं लागतं, तेवढ्यावर निभावतं. दुसरी चुकली की एकाचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडी जातं, आणि मग मूळ प्रश्न बाजूला राहून ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ यावर वीस उत्तरं पडतात.

आधी किती ते बघू. इंटरनेटवरच्या शिष्टाचाराबद्दलच्या १९९५ च्या आरएफसी १८५५ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे आणि सूचनांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज) हे सरळ सांगितलं आहे: मूळ मजकुराचा सारांश वर द्या, किंवा संदर्भ लागेल एवढाच भाग ठेवा. आजही यापेक्षा चांगला नियम मला माहीत नाही. तुमचं उत्तर लगेच खालीच असेल आणि समोरच्याचा मुद्दा एकच असेल, तर कोटची गरजच नसते. मुद्दे तीन असतील तर तीन तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याखाली त्याचं उत्तर लिहा. सगळं पत्र वर चिकटवून खाली ‘१ ला हो, २ ला नाही’ असं लिहिलं, तर आकडे जुळवायचं काम वाचणाऱ्याच्या गळ्यात पडतं.

छाटताना मात्र अट कापली जाऊ देऊ नका. मूळ वाक्य असं आहे असं समजा:

> बॅकअप पूर्ण झाला असेल तरच जुना फोल्डर डिलीट करा.

यातला फक्त ‘जुना फोल्डर डिलीट करा’ एवढा भाग उचलून कुणी ‘हा सल्ला धोकादायक आहे’ असं लिहिलं, तर शब्द मूळ लेखकाचेच असूनही अर्थ त्याचा नाही. मराठीत धोका दोन्ही टोकांना असतो: ‘तरच’, ‘जर’ वाक्याच्या आधीच्या भागात असतात आणि ‘नाही’, ‘नको’ अगदी शेवटी. म्हणून वाक्य अर्ध्यात तोडू नका, पूर्णविरामापर्यंत घ्या. मधला भाग गाळलात तर तिथे चौकटी कंसात तीन टिंबं द्या, [...] अशी. नुसती तीन टिंबं पुरत नाहीत, कारण ती मूळ लेखकानेच दिलेली असू शकतात. आतल्या शब्दांना स्वतःहून जाडसर केलंत तर ‘ठळक अक्षरं माझी’ असं लिहा. शुद्धलेखन दुरुस्त करू नका.

आता मांडणी. मार्कडाउन (साध्या चिन्हांनी मजकुराची मांडणी करायची पद्धत) चालतं तिथे ओळीच्या सुरुवातीला > हे चिन्ह आणि एक स्पेस दिली की कोट होतं. इथे सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे मधली रिकामी ओळ विसरणं.

> फाइल उघडतच नाही.
कोणत्या प्रोग्राममध्ये उघडताय?

असं टाइप केलं की दुसरी ओळही कोटच्या आत जाते आणि तुमचा प्रश्न विचारणाऱ्याच्याच तोंडी बसतो. कारण असं की मार्कडाउनमध्ये साध्या मजकुराचा परिच्छेद सहसा रिकाम्या ओळीशिवाय संपत नाही. पुढच्या ओळीला > नसलं तरी ती चालू परिच्छेदाचाच भाग धरली जाते. लांब ओळी हाताने तोडणाऱ्यांना प्रत्येक ओळीला चिन्ह द्यायला लागू नये म्हणून ही सोय ठेवली आहे. कोट संपलं की एंटर दोनदा दाबा, एवढाच उपाय.

हीच गोष्ट कोटमधल्या कोटला आणखी जोरात लागते. वरच्या ओळीला >> आणि खालच्या ओळीला > दिलं की डोळ्याला दोन पातळ्या दिसतात, पण प्रत्यक्षात दुसरी ओळ आतल्या पातळीतच मिसळते. तिसऱ्याच माणसाचं बोलणं बदलतं आणि प्रिव्ह्यू बघेपर्यंत ते लक्षातही येत नाही. दोन्हींच्या मध्ये नुसतं > असलेली एक मोकळी ओळ टाका. तसंही दोन पातळ्यांच्या पुढे जाऊ नये. तिसरी पातळी लागत असेल तर आधीचं सगळं एका वाक्यात स्वतःच्या शब्दांत सांगणं बरं.

चौकटी कंसातले टॅग, म्हणजे [quote] आणि [/quote] असे, वापरावे लागतात तिथे गडबड वेगळी. छाटणी करताना मजकुराबरोबर तिरकी रेघ असलेला बंद करणारा टॅगही पुसला जातो आणि मग पुढचं सगळं उत्तर कोटमध्ये शिरतं, किंवा टॅग उघडेनागडे दिसतात. उघडलेले आणि बंद केलेले टॅग मोजा, आणि जो शेवटी उघडला तो आधी बंद करा.

नाव कोटच्या वर, बाहेरच्या ओळीत लिहावं. आत लिहिलं तर ते मूळ मजकुराचाच भाग वाटतं. वेबपेजसाठीच्या एचटीएमएल मानकातही कोटच्या घटकाबाहेरच नाव द्यायला सांगितलं आहे.

साध्या मजकुराच्या ईमेलमध्ये खरी डोकेदुखी ओळीच्या लांबीची. मूळ ओळ काठोकाठ असेल, तर पुढे > लागल्यावर ती मर्यादेबाहेर जाते, प्रोग्राम ती तोडतो आणि उरलेले दोन शब्द चिन्हाविना खाली पडतात. दोन-तीन उत्तरांनंतर कुणाचं काय हे सांगता येत नाही. म्हणून ७२ अक्षरांच्या आत ओळ तोडायची पद्धत पडली: ८० अक्षरांच्या रुंदीत चिन्हांना थोडी जागा उरते. २००४ च्या आरएफसी ३६७६ मध्ये यावर तोडगा आहे. ओळीच्या शेवटी स्पेस असेल तर ती ओळ पुढे चालू आहे असं समजायचं, म्हणजे प्रोग्रामला परिच्छेद पुन्हा नीट जुळवता येतो. त्यातच सहीच्या आधीच्या खुणेचाही उल्लेख आहे: दोन आडव्या रेघा आणि त्यांच्यानंतर एक स्पेस. ती स्पेस द्यायची राहून गेली की अनेक प्रोग्राम सही ओळखत नाहीत आणि ती प्रत्येक उत्तरात कोट होत राहते.

मराठीत लिहिणाऱ्यांना आणखी एक अडचण येते, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. मार्कडाउनमध्ये शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे (*) दिले की तो जाड होतो. **सेव्ह**वर असं लिहिलं तर ‘सेव्ह’ जाड होतं, काही अडचण नाही. पण अवतरणचिन्हं ताऱ्यांच्या आत घेतली, म्हणजे **‘सेव्ह’**वर असं लिहिलं, की तारे तसेच दिसतात. बंद करणाऱ्या ताऱ्यांच्या आधी विरामचिन्ह आणि लगेच नंतर अक्षर आलं, तर मार्कडाउनच्या प्रचलित नियमांप्रमाणे ते तारे बंद करणारे धरले जात नाहीत. ‘**सेव्ह**’वर असं अवतरणचिन्ह ताऱ्यांच्या बाहेर काढलं की काम होतं. ताऱ्यांऐवजी खालच्या रेघा (_) वापरू नका; शब्दाला जोडून प्रत्यय आला की त्या चालत नाहीत. तिरप्या अक्षरांपेक्षा जाड अक्षरं बरी, कारण बऱ्याच देवनागरी फाँटना खरी तिरपी अक्षरं नसतात आणि प्रोग्राम आहेत तीच अक्षरं वाकवतो. क्रमांकांच्या यादीला इंग्रजी आकडेच लागतात. देवनागरी १ आणि टिंब दिलं की ती साधी ओळ राहते आणि ओळी एकमेकींना चिकटतात.

एरर मेसेज किंवा कोड कोट करायचा असेल तर > नको, वर-खाली तीन-तीन बॅकटिक (`) द्या. मग आतले तारे आणि रेघा जशाच्या तशा राहतात. उलट, माणसाचं बोलणं कधीही कोडच्या चौकटीत टाकू नका: तिथे सहसा ओळ वळत नाही, मोबाइलवर प्रत्येक वाक्यासाठी आडवं सरकवावं लागतं. स्क्रीनशॉटही टाळा. त्यातला मजकूर सहज शोधता येत नाही, सहज कॉपी होत नाही, आणि स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्याला तो बहुधा मिळत नाही. लॉग (प्रोग्रामने ठेवलेली नोंद) चिकटवण्याआधी पासवर्ड, टोकन (पासवर्डसारखी गुप्त किल्ली) आणि ईमेल पत्ते काढा. काढलेल्या जागी ‘[काढले]’ लिहा, म्हणजे ओळीची रचना समजते.

मूळ लेखकाने नंतर आपला मजकूर बदलला तर तुमच्याकडचं कोट जुनंच राहतं. ते बदलू नका. कोटच्या खाली, स्वतःच्या ओळीत, ‘मूळ मजकूर नंतर दुरुस्त झाला आहे’ एवढं लिहून नव्या मजकुराचा दुवा द्या.